घरच्यांसाठी रांधलेले, गिऱ्हाइकांना वाढलेले : हॉल्टम सिटीतील एक लाओ उपाहारगृह

टेक्सासमधील फोर्ट वर्थ शहराला लागून असलेल्या हॉल्टम सिटीत लाओसहून आलेल्या लाओ कुटुंबांनी चालवलेली अनेक छोटी उपाहारगृहे आहेत. त्यांपैकी एका ठिकाणाविषयी येथे लिहीत आहे. तेथील स्वयंपाक ज्या निर्वासित आजींच्या हाताने घडला, त्यांच्या आयुष्याचा तपशील या लेखात येणार असल्यामुळे कुटुंबाच्या इच्छेनुसार त्यांचे आणि दुकानाचे नाव देत नाही. वाचकांची त्यामुळे फारशी गैरसोय होऊ नये, कारण काय मागवावे आणि काय टाळावे याबद्दल पुढे जे म्हटले आहे ते त्या भागातील बहुतेक लाओ स्वयंपाकघरांना थोड्याफार फरकाने लागू पडेल. माझे मत आधीच सांगून टाकते. या ठिकाणचे जे पदार्थ आजी वर्षानुवर्षे आपल्या घरच्यांसाठी करीत आल्या ते उत्कृष्ट आहेत, आणि बाहेरच्या माणसाला ओळखीचे काहीतरी सापडावे म्हणून जे यादीत घातले गेले ते सामान्य आहेत. यादीवर हा फरक कोठेही लिहिलेला नाही. तो समजल्याशिवाय येथे जेवणारा माणूस साधारण जेवून परत जाण्याचीच शक्यता अधिक.

दुकान म्हणजे रस्त्याकडेच्या गाळ्यांच्या रांगेतील एक लांबट खोली आहे. पुसायला सोपी अशी टेबले, कोपऱ्यात सतत चालू असलेला दूरचित्रवाणी संच आणि भिंतीवर उत्तर लाओसमधील लुआंग प्राबांग शहराचे एक मोठे छायाचित्र, एवढीच सजावट. बाहेरच्या पाटीवर ‘थाई’ मोठ्या अक्षरांत आणि ‘लाओ’ त्याखाली लहान अक्षरांत आहे. अमेरिकेतील लाओ कुटुंबांनी काढलेल्या उपाहारगृहांवर दीर्घकाळ अशाच पाट्या राहिल्या, कारण अमेरिकन गिऱ्हाइकाला थायलंड ठाऊक होता आणि लाओस नकाशावर दाखवता येत नव्हता. या देशातील लाओ वंशाच्या लोकांची संख्या आजही सुमारे अडीच लाखच आहे, त्यामुळे केवळ आपल्या माणसांच्या बळावर दुकान चालणे कठीण असते. वॉशिंग्टन परिसरात सेंग लुआंगराथ यांनी, ज्या स्वतः लहानपणी निर्वासित म्हणून आल्या, आधी एका थाई उपाहारगृहात लाओ पदार्थांची वेगळी यादी ठेवली आणि २०१४ मध्ये ‘थिप खाओ’ हे उघडपणे लाओ म्हणवणारे उपाहारगृह काढले. त्यानंतर देशभरात अनेकांनी पाटीवरील अक्षरांचा आकार बदलण्याचे धाडस केले. या दुकानाने अजून ते केलेले नाही.

येथील जेवणाची पारख भातापासून सुरू करावी. लाओसमध्ये दरडोई जितका चिकट तांदूळ खाल्ला जातो तितका जगात अन्यत्र कोठेही खाल्ला जात नाही, आणि तो पाण्यात शिजवला जात नाही, तर वाफवला जातो. या तांदळात अमायलोज हा दाणे सुटे ठेवणारा स्टार्चचा प्रकार जवळजवळ नसतो. त्यामुळे तो पाण्यात उकळला तर त्याची खळ होते. येथे तांदूळ रात्रभर भिजत घालतात. पहाटे तो निथळून बांबूच्या निमुळत्या टोपलीत भरतात आणि ती टोपली अरुंद गळ्याच्या अॅल्युमिनियमच्या भांड्यावर बसवतात. पोटात पाणी उकळत असते आणि वाफ गळ्यातून वर भातात शिरते. अर्ध्यावर आल्यावर टोपलीला हिसडा देऊन सगळा भात एका हालचालीत उलटा केला जातो, म्हणजे तळाचा थर वर येतो. त्यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. शिजलेला भात लाकडी पाटावर ओतून उलथण्याने पसरवावा लागतो, जेणेकरून जादा वाफ निघून जाईल. तसे न केल्यास टोपलीत बंद झाल्यावर तो आतल्या आत ओला होत राहतो. सकाळच्या भाताचे हे काम या दुकानात आजही आजीच करतात, आणि भाताची प्रत पाहता ते दुसऱ्या कोणावर सोपवण्याची घाई घरच्यांनी का केली नाही ते लक्षात येते. दाणा दाण्याला धरून असतो, तरी वेगळा दिसतो, आणि बोटांना काही लागत नाही. झाकणाच्या लहान टोपलीत हा भात टेबलावर येतो, किंमत ४ डॉलर. उजव्या हाताच्या बोटांनी त्यातला लहान गोळा दाबून घ्यायचा आणि चटणीत किंवा कालवणात बुडवायचा. भाकरीचा तुकडा मोडून ठेच्याला लावणाऱ्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. जेवण झाल्यावर टोपलीचे झाकण आठवणीने लावावे, कारण ती उघडी टाकणे लाओ घरांत अशुभ मानतात आणि आपण ती तशी ठेवली तर वाढणारी मुलगी येऊन मुकाट्याने बंद करून जाते.

आजींची हकिकत भिंतीवर लावलेली नाही किंवा यादीच्या पहिल्या पानावर छापलेली नाही, याचे मला बरे वाटले. अशा कहाण्या आजकाल पदार्थांसोबत वाढल्या जातात आणि मग बेचव जेवणाची तक्रार करणेही उद्धटपणाचे ठरते. येथे नातीने लिहिलेले एक पान आहे. कोणी विचारले तरच ते दिले जाते. त्या पानावरून आणि नातीशी झालेल्या बोलण्यावरून पुढील मजकूर लिहिला आहे.

आजींचा जन्म दक्षिण लाओसमध्ये, सवान्नाखेतहून पूर्वेकडे व्हिएतनामच्या सीमेकडे जाणाऱ्या ९ क्रमांकाच्या रस्त्यावरील एका गावात झाला. हाच रस्ता पुढे सेपोनपाशी उत्तर व्हिएतनामच्या सैन्याला रसद पुरवणाऱ्या हो चि मिन्ह मार्गाला छेदतो, आणि म्हणून १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर जे २० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले त्यांचा मोठा भाग याच पूर्वेकडील पट्ट्यात पडला. गाव सोडून कुटुंब मेकाँग नदीच्या काठावरील सवान्नाखेत शहरात आले, म्हणजे देश सोडण्याच्या कितीतरी आधी आजी आपल्याच देशात एकदा निर्वासित झाल्या होत्या. त्यांचे लग्न राजाच्या सैन्यातील एका कनिष्ठ अधिकाऱ्याशी झाले. २ डिसेंबर १९७५ रोजी राजसत्ता संपून कम्युनिस्टांच्या लाओ जनता लोकशाही प्रजासत्ताकाची घोषणा झाली. जुन्या सैन्यातील इतर असंख्य लोकांप्रमाणे आजोबांनाही ‘सेमिनार’साठी बोलावणे आले. थोड्या दिवसांचे वर्ग असे सांगून नेलेली ही माणसे प्रत्यक्षात दूरच्या डोंगराळ प्रांतांतील श्रमछावण्यांत वर्षानुवर्षे अडकून पडली.

आजी मुलांना घेऊन रात्रीच्या वेळी नावेने मेकाँग ओलांडून थायलंडमधील मुकदाहानच्या बाजूला उतरल्या. तान्ह्या मुलाने रडू नये म्हणून त्याला झोपेचे औषध पाजल्याचे नातीने सांगितले. नदी ओलांडलेल्या अनेक कुटुंबांत ही गोष्ट ऐकू येते, कारण आवाज झाला तर काठावरून गोळी येत असे. त्याच दोन काठांना जोडणारा पूल २००६च्या अखेरीस बांधून झाला आणि आज तेथून प्रवासी बसने सहज ये-जा करतात. १९७५ नंतरच्या दोन दशकांत लाओसमधून ३ लाखांहून अधिक लोक बाहेर पडले, म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येतील दर दहा माणसांमागे साधारण एक. आजींच्या वाट्याला आधी उबोन येथील छावणी आली आणि नंतर फानात निखोम येथील संक्रमण केंद्र. मार्च १९८० मध्ये अमेरिकेत निर्वासितविषयक कायदा झाला, आणि एका चर्चच्या मंडळाने जबाबदारी घेतल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस त्या मुलांसह फोर्ट वर्थला पोहोचल्या. विमानाचे भाडे बिनव्याजी कर्जाऊ मिळालेले होते. ते त्यांनी पुढे हप्त्याहप्त्याने फेडले.

या सगळ्यात एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण तिचा या दुकानाच्या रचनेशी थेट संबंध आहे. सखल भागातील लाओ कुटुंबांत आईवडिलांचे घर आणि त्यांचा सांभाळ बहुधा धाकट्या मुलीकडे जातो, आणि आजी धाकट्या होत्या. मुलांना घेऊन नदी ओलांडणे म्हणजे म्हाताऱ्या आईला थोरल्या बहिणीच्या हवाली करून जाणे होते. कुटुंबाला वाहून घेतलेल्या बाईने कुटुंबाचाच एक भाग मागे ठेवला, हे त्यांच्या नातीने त्या पानावर स्पष्ट लिहिले आहे आणि त्याचे समर्थनही केलेले नाही. आजी दर वर्षी पैसे आणि औषधे पाठवत राहिल्या. प्रत्यक्ष जाणे जमले तेव्हा आई राहिली नव्हती. आज दुकानाचा परवाना आणि आजी राहतात ते घर दोन्ही त्यांच्या धाकट्या मुलीच्या नावावर आहेत. थोरल्या भावंडांनी त्याला कधी हरकत घेतली नाही, कारण त्यांच्या हिशेबाने दुसरे काही होणे शक्यच नव्हते. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की स्वयंपाक शिकण्याची साखळी येथे तुटलेली नाही. धाकटी मुलगी आईच्या शेजारी उभी राहून शिकली आणि नात आता आईच्या शेजारी उभी राहते.

फोर्ट वर्थमध्ये आजींनी बरीच वर्षे इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या कारखान्यात रात्रपाळी केली. दिवसा त्या आधी स्वतःची आणि पुढे मुलांची मुले सांभाळत. आजोबांची सुटका झाली आणि १९८०च्या दशकाच्या शेवटी ते येऊन मिळाले, तेव्हा त्यांचे पोट आणि दात दोन्ही गेलेले होते. चावावे लागेल असे काही त्यांना चालत नसे. कारखान्यातून परत आल्यावर आजी त्यांच्यासाठी रोज सकाळी ‘खाओ पिआक सेन’ करीत, आणि तोच आज या दुकानातील सर्वांत चांगला पदार्थ आहे.

तांदळाचे पीठ आणि टॅपिओकाचा स्टार्च उकळत्या पाण्यात मळून, लाटून, हाताने कापलेल्या जाड शेवया कोंबडीच्या रश्श्यात थेट सोडायच्या, असे त्याचे स्वरूप आहे. शेवयांवरचे सुटे पीठ रश्श्यात विरघळते आणि त्याला दाटपणा येतो. ‘पिआक’ या ओल्या, पेजेसारख्या गुणामुळेच तो आजारी माणसाला आणि लहान मुलाला दिला जातो. येथील रश्श्याला गवती चहा, गलांगल हा आल्यासारखा कंद आणि माक्रूत लिंबाच्या पानांचा वास आहे, पण तो मागे राहतो. पुढे येते ती कोंबडी. वरून कुरकुरीत तळलेला लसूण आणि छोटे कांदे, कोथिंबीर, पातीचा कांदा घालतात, आणि लिंबू व तेलात परतलेली लाल मिरची वेगळी देतात, म्हणजे तिखटाचा निर्णय जेवणाऱ्याकडे राहतो. शेवया दाताखाली किंचित ताणल्या जातात आणि मग सुटतात. कारखान्यात तयार झालेल्या शेवयांना हे जमत नाही. वाडगा मोठा आहे आणि १३ डॉलरला एका माणसाचे पोट भरते. एकच सूचना आहे की हा पदार्थ घरी नेण्यासाठी बांधून घेऊ नये. वाटेतच शेवया रस्सा पिऊन टाकतात आणि घरी पोहोचेपर्यंत डब्यात गोळा झालेला असतो. दुकानाने शेवया आणि रस्सा वेगवेगळे बांधून देण्याची सोय ठेवायला हवी. ती अद्याप नाही.

दुसऱ्या क्रमांकावर मी ‘नाम खाओ’ ठेवीन. शिजवलेल्या भातात लाल मसाला, खोबरे आणि अंडे घालून त्याचे गोळे तळतात आणि मग तेच मोडून, आंबवलेले डुकराचे मांस, शेंगदाणे, पुदिना, पातीचा कांदा, लिंबू आणि वाळवलेली मिरची यांत कालवतात. व्हिएन्तिआनजवळील था दुआ या गावाशी या पदार्थाचे नाव जोडले जाते. येथील नाम खाओमध्ये मोडलेल्या गोळ्यांचे मोठे तुकडे शिल्लक राहतात, त्यामुळे बाहेरून खरपूस आणि आतून मऊ असा फरक प्रत्येक घासात लागतो. लेट्यूसच्या पानात गुंडाळून खायचे असल्याने दोघांना मिळून १४ डॉलरची एक थाळी पुरते.

‘लाप’ मागवताना थोडी चौकशी करावी. बारीक कापलेले मांस, भाजून कुटलेल्या चिकट तांदळाची पूड, लिंबू, पुदिना, लांब पानाची रानकोथिंबीर आणि पादेक हे त्याचे मूळ घटक आहेत. पादेक म्हणजे मासे, मीठ आणि तांदळाचा कोंडा महिनोन्महिने आंबवून केलेले दाट मिश्रण. त्याचा वास तीव्र असतो आणि लाओ जेवणाचा पायाही तोच आहे. गिऱ्हाईक बाहेरचे दिसले की स्वयंपाकघर पादेकऐवजी पातळ मत्स्यरस वापरते आणि वर साखर घालते. असा लाप ठीक असतो, एवढेच. घरच्यांसारखा हवा असे सांगितल्यावर जो येतो त्यात पादेक असते, बैलाच्या मांसाचा असेल तर पित्ताचा कडवटपणाही असतो, आणि तो तोंडात बराच वेळ राहतो. कडू चवीची ज्यांना सवय आहे त्यांना हा फार आवडेल. कच्च्या मांसाचा प्रकारही यादीत आहे आणि त्याखाली आरोग्याचा इशारा छापलेला आहे. तो इशारा गांभीर्याने घ्यावा असे मी सुचवीन. कच्च्या पपईच्या ‘ताम माक हूंग’चीही हीच गत: उखळात कुटलेली पपई उत्तम असते, फक्त आपल्याला पादेकची हवी की गोड, हे आधी सांगावे लागते. तिखटाची एक ते पाच अशी जी पट्टी यादीत दिली आहे तिच्यावर विसंबू नये, कारण तिचा तिसरा टप्पा कोणी कुटते आहे त्यानुसार बदलतो.

आजी सवान्नाखेतच्या असल्यामुळे तेथील प्रसिद्ध ‘सीन सवान’ येथे मिळते. मांसाच्या पातळ पट्ट्यांना गोडसर मसाला आणि तीळ लावून त्या वाळवतात आणि मग तळतात. भाजलेल्या टोमॅटोच्या ‘जेओ’सोबत, म्हणजे चटणीसोबत, ८ डॉलरची ही बशी जेवणाआधी मागवण्यासारखी आहे. उलट भिंतीवर लुआंग प्राबांगचे चित्र असूनही त्या शहराचे नावाजलेले ‘ओ लाम’ हे कालवण यादीत नाही. आजींच्या घरी ते होत नसे म्हणून ते दुकानातही होत नाही. या प्रामाणिकपणाचे मला कौतुक वाटते. तोच प्रामाणिकपणा यादीतील थाई पदार्थांच्या पानावर का नाही, हा प्रश्न मात्र पडतो. पाद थाई अतिगोड आहे, हिरवी आणि लाल करी एकाच वाटणातून निघाल्यासारख्या लागतात, आणि त्यांच्या किमती लाओ पदार्थांपेक्षा एक-दोन डॉलरने जास्तच आहेत. धाकट्या मुलीचे म्हणणे असे की दुपारची निम्मी विक्री याच पानातून होते. व्यवहार म्हणून ते पटते, पण जेवणारा म्हणून त्या पानावर वेळ घालवू नये.

शाकाहारी वाचकांना स्पष्ट सांगायला हवे की हे ठिकाण त्यांच्यासाठी नाही. पादेक किंवा मत्स्यरस जवळजवळ प्रत्येक पदार्थात आहे, पपईचे उखळ एकच आहे, आणि भाजीचा रस्सासुद्धा कोंबडीच्या पाण्यावर उभा असतो. सांगितल्यास भाजलेल्या वांग्याचे जेओ मीठ घालून करून देतात, चिकट भात आहे, आणि केळ घालून पानात वाफवलेला ‘खाओ तोम’ आहे, पण एवढ्यासाठी कोणी मुद्दाम तेथपर्यंत जावे असे मला वाटत नाही. अंडी-मासे चालणाऱ्यांनी केळीच्या पानात वाफवलेला, भरपूर शेपू घातलेला ‘मोक पा’ अवश्य घ्यावा. शनिवार-रविवारीच मिळतो आणि लवकर संपतो.

पालेभाज्या आणि सुगंधी पाने हा येथील आणखी एक जमेचा भाग. त्यांतील बरीचशी आजींच्या परसातून येतात. गवती चहा, गलांगल, रानकोथिंबीर, पुदिना आणि बांबूच्या कोंबांच्या कालवणात लागणारी यानांगची पाने टेक्सासच्या उन्हाळ्यात तग धरतात. अडचण हिवाळ्याची असते. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात, जेव्हा राज्यातील लाखो घरांची वीज गेली, तेव्हा परसातील जवळजवळ सगळी झाडे मेली आणि पुढच्या लागवडीसाठी ओळखीच्या कुटुंबांकडून कंद आणि रोपे मागून आणावी लागली. आता कुंड्या थंडीत गॅरेजमध्ये जातात. त्यामुळे डिसेंबर ते मार्च या काळात पानांची टोपली लहान येते, आणि तसे वाढणारी मुलगी आधी सांगून टाकते.

सेवेबद्दल संमिश्र मत आहे. नात आणि तिचा चुलतभाऊ टेबले सांभाळतात, दोघेही सौजन्याने वागतात, पदार्थांविषयी विचारले तर मनापासून सांगतात. मात्र पदार्थ तयार होतील त्या क्रमाने येतात. लाओ घरात सगळे मध्ये ठेवून एकत्र खाल्ले जात असल्यामुळे त्यांना यात काही वावगे वाटत नाही, पण चार जणांनी चार वेगळे पदार्थ मागवले तर एक जण पहिला घास घेईपर्यंत दुसऱ्याचे संपलेले असते. म्हणून मागवतानाच सर्वांसाठी मिळून मागवावे. गर्दीच्या वेळी पाणी पुन्हा मिळण्यासाठी हात वर करावा लागतो. कार्डाने पैसे देताना यंत्रावर बक्षिशीचे आकडे १८ टक्क्यांपासून सुरू होतात आणि त्याशिवाय ८.२५ टक्के विक्रीकर आहेच, त्यामुळे यादीतील किमतीत चौथा हिस्सा मिळवून अंदाज बांधावा. चार जणांचे भरपेट जेवण तरीही १०० डॉलरच्या आत होते, आणि या प्रतीच्या स्वयंपाकासाठी ते स्वस्त आहे.

ऐंशीच्या घरातील बाईच्या कष्टांवर चालणाऱ्या दुकानात जेवणे योग्य आहे का, हा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे, आणि घरच्या माणसांच्या श्रमाला प्रेम म्हणून मजुरी बुडवण्याची चाल सगळीकडेच असल्याने तो विचारलाही पाहिजे. येथील व्यवस्था अशी की भट्टी आणि कढया दोन पगारी स्वयंपाकी सांभाळतात, आजी पहाटे येऊन भात आणि जेओ करतात, शेवयांच्या पिठाला हात लावून पाहतात आणि दुपारची गर्दी सुरू होण्याआधी त्यांना घरी नेले जाते. त्यांना पूर्ण विश्रांती द्यावी म्हणून मुलांनी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा त्या दुसऱ्याच आठवड्यात परत आल्या, असे नात सांगते. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या स्वयंपाक्यांनी भाजलेली कोंबडी आणि गवती चहा घातलेले सॉसेज आजींच्या भाताइतकेच चांगले आहेत, तेव्हा सगळी चव एका म्हाताऱ्या हातात आहे अशी भाबडी समजूत करून घेण्याचे कारण नाही. सकाळी लवकर गेलात तर आजी मागच्या टेबलापाशी पाने निवडताना दिसतील. दोन्ही हात जोडून नमस्कार केला तर त्याही तसाच करतात. छायाचित्र काढण्यापूर्वी मात्र विचारावे, आणि नाही म्हटले तर आग्रह धरू नये.

एप्रिलच्या मध्यावर, १४ ते १६ तारखांच्या सुमारास, लाओ नववर्ष येते. त्या आठवड्यात दुकान काही दिवस बंद असते, कारण सगळे कुटुंब विहारात असते आणि घरी ‘बासी’चा विधी असतो, ज्यात माणसाच्या ३२ ‘ख्वान’ना म्हणजे देहाची राखण करणाऱ्या प्राणतत्त्वांना परत बोलावून मनगटाला पांढरा दोरा बांधतात. हे दिवस आधी जाहीर होत नाहीत, म्हणून एप्रिलमध्ये जायचे असल्यास फोन करून खात्री करून घ्यावी. एरवी दुकान सोमवारी बंद असते. इतर दिवशी ते सकाळी १० वाजता उघडते आणि रात्री ८ वाजता स्वयंपाकघर आवरते. भाताचा पहिला घाणा दुपारी २ पर्यंत टिकतो, दुसरा संध्याकाळी ५ नंतर निघतो. मधल्या वेळेत गेल्यास साधा भात मिळतो. तेव्हा एक तर साडेअकराच्या आत जावे किंवा सरळ संध्याकाळची वेळ धरावी. गाडी लावायला मागच्या बाजूला भरपूर जागा आहे.